खंडीला एक कमी

१४ सप्टेंबर

आणि वर तोंड करून सुरज म्हणतोच कसा, की दादा, तू कुठं टिकतच नाहीस. अरे, कुरकुंभला कंपनीत बारा-बारा तास उभं राहून माझे पाय सुजले तेव्हा तू कुठं होतास? शिरूरच्या मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या वाहिल्या, भांडगावच्या ढाब्यावर ताटं विसळली, तेव्हा घरात पीठ काय आपोआप आलं? म्हणे पायाला भिंगरी आहे. असू दे. आमच्या वडलांच्या, आबांच्या पायालाही होती. आबा पार कोकणापर्यंत मेंढरांमागं चालायचे, त्यांना कुणी पळपुटा म्हणालं नाही. मेंढरं विकली, घर बांधलं, आणि आता तेच आबा ओट्यावर बसून हायवेच्या गाड्या बघतात. मला सव्विसाव्या वर्षी ओट्यावर बसायचं नाही. धाकट्या भावानं थोरल्याला शिकवायचे दिवस आलेत.

तर आलो एकदाचा. दौंडला झेलम पकडली, दिल्लीला उतरलो, मग दोन बस, एक जीप. शेवटचं गाव कोटधार. तिथून पाच तास चढ. आपल्याकडं डोंगर म्हणजे लांबची निळी रेघ. इथं डोंगर दारात येऊन बसलाय.

ही लॉज हनुमंतमामांनी सीझनपुरती चालवायला घेतली आहे. मामा शिरूरचे, आमच्या लांबच्या नात्यातले. डोंगर चढायला येणाऱ्या लोकांची इथं राहायची-जेवायची सोय. दगडी भिंती, वर पत्रा, आत एकच लांब हॉल, दोन्ही अंगांना मिळून सोळा लाकडी पलंग. मधे लोखंडी शेगडी, तिला बुखारी म्हणतात. माझं काम म्हणजे आलेल्यांची नावं वहीत लिहायची, रजया द्यायच्या, लाकूड फोडायचं, पाणी आणायचं. मामांनी माझं अक्षर बघितलं आणि म्हणाले, भैरू, लेका कोंबडी बरी लिहील. ही वही दिली आणि म्हणाले, रोज काहीतरी खरड, सवय लागंल.

म्हणून खरडतोय. सुरजला दाखवीन एक दिवस.

१७ सप्टेंबर

मजा आहे राव. थंडी अशी की नाक आहे का नाही ते चाचपून बघावं लागतं, पण मजा आहे. दोन-चार दिवसांनी एक टोळी येते, दोन मुक्काम करते, वरच्या खिंडीपर्यंत जाऊन परत येते. कालच्या टोळीतल्या एका काकूंनी विचारलं, फोनला रेंज कुठं मिळते. मी म्हणालो, वर तो धोंडा दिसतो ना, तिथं, अर्ध्या तासाची चढण. त्या म्हणाल्या, तिथपर्यंत रिक्षा वगैरे? मी आणि मामा लाकडाच्या खोलीत जाऊन हसलो.

स्वयंपाकी इथलाच, खेमसिंग. पन्नाशीचा असेल. बोलतो कमी, पण फुलके असे करतो की मोजायचं भान राहत नाही. मी चार वेळा सांगितलं की मी पण मेंढरं राखणाऱ्यांच्यातला. तेव्हा कुठं हसला. म्हणाला, त्याचा बाप पण बकऱ्या घेऊन वर जायचा.

धोंड्यावर जाऊन सुरजला फोन केला. बर्फाचा डोंगर दाखवला. मी म्हणालो, ये की, बघ तरी, जग काय असतं. आबांना आठ दिवस चुलत्यांकडं ठेव. म्हणाला, बघतो. त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं, आवाजावरून मला कळलं. जिंकलो.

२० सप्टेंबर

दुपारी चारला धुकं येतं. रोज. घड्याळ लावावं तसं. खालून वर चढत येतं आणि दहा मिनिटांत हातातली बादली दिसत नाही. तेव्हा खेमसिंग दारातली पितळी घंटा वाजवतो. बाहेर कुणी राहिलं असेल तर आवाजावर येतं.

आज एक पोरगा मागं राहिला होता, मी दारातून त्याच्या नावानं ओरडायला गेलो तर खेमसिंगनं माझ्या तोंडावर हात ठेवला. पिठाचा हात. आवाज मत देना, म्हणाला. फक्त घंटी. धुक्यात माणसाच्या आवाजानं कुणाला बोलवायचं नाही, इथली रीत आहे. मी विचारलं का, तर म्हणाला, घंटी कुणाची नसते, आवाज कुणाचा तरी असतो.

मामा म्हणाले, सोड रं, डोंगरातली माणसं, त्यांचं काय ना काय असतंच.

२२ सप्टेंबर

आज मी चौदा माणसं वाचवली. हे सुरजला सांगायलाच पाहिजे.

पुण्या-बेंगलोरची टोळी खिंडीतून परत येताना धुक्यात सापडली. पाच वाजले, साडेपाच वाजले. खेमसिंगचा घंटा वाजवून हात भरून आला. वारा उलटा, आवाज वर जाईना. मामा तर रडायच्या बेताला आले, चौदा माणसं म्हणजे चौदा घरं. मग माझ्यानं राहवलं नाही. घराच्या मागं चढावर गेलो, कानावर हात ठेवला आणि आबांची हाळी दिली. जीभ वळवून, पोटातून. तीनदा.

आमच्यात प्रत्येक मेंढक्याची हाळी वेगळी असते. दहा कळप एका माळावर मिसळले तरी मेंढरू आपल्याच धन्याच्या हाळीला येतं. आबांची हाळी दोन कोस जाते. ती मला येते, सुरजला येते, तिसऱ्याला नाही.

आली! एकामागं एक, खाली मुंडी घालून, त्या आवाजावर. मी दारात उभा राहिलो आणि आबा मोजायचे तसं, आत जाणाऱ्या प्रत्येकाच्या पाठीला हात लावत मोजलं. हाळी ज्यानं दिली त्यानंच मोजायचं, मोजल्याबिगर वाघरीचं तोंड बांधायचं नाही, असं आबा सांगायचे. मेंढरांची जाळी, तिला वाघर म्हणतात. मी मोठ्यानं मोजलं. एक, दोन, तीन. लोक हसत होते, रडत होते, एका बाईनं मला मिठी मारली.

पंधरा भरले. गडबडीत एकाला दोनदा हात लावला असणार.

२३ सप्टेंबर

चौदाजण सकाळी खाली गेले. चौदाच. वहीत चौदा, ताटं चौदा.

मग पंधरावा पलंग कशानं भिजला? गादी पिळली तर पाणी निघालं. खिडकीकडचा पलंग, वरचा पत्रा धड आहे, मी शिडी लावून बघितला. रजई नीट घडी घातलेली. पाणी बर्फासारखं गार, आणि त्यात बारीक काळी रेती.

खेमसिंगला दाखवलं. त्यानं गादीकडं बघितलंच नाही, माझ्याकडं बघितलं. विचारलं, तू आवाज दिलास ते कळलं, पण मोजलंस का? मी म्हणालो, मोजणारच की. तो खाली बसला.

२५ सप्टेंबर

लॉजवर आम्ही तिघंच. चारला धुकं आलं. मी लाकडं आत घेत होतो, दार उघडं होतं.

दारात चारजण उभे होते.

मला वाटलं टोळी आली लवकर. म्हणालो, या, या. कुणी हललं नाही. महागातली जाकिटं अंगावर, पण रंग उडालेला. एका बाईच्या एकाच पायात बूट. आणि उभं राहायची तऱ्हा. उन्हाळ्यात भर दुपारी मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली तोंडं घालून गोळा होतात ना, तशी. प्रत्येकानं पुढच्याच्या पाठीत तोंड खुपसलेलं. एकाचंही तोंड दिसत नव्हतं.

मामा आतून ओरडले, दार लाव रं, थंडी येती. त्यांना दारात कुणी दिसलं नाही.

मला काय करायचं ते कसं कळलं कोण जाणे. हात पुढं गेला. एक, दोन, तीन, चार. केडगावच्या डेअरीत दुधाच्या कूलरमध्ये हात बुडवावा तसं गार. मोजून झालं तशी ती धुक्यात गेली. उंबऱ्यावर काळी रेती राहिली.

२७ सप्टेंबर

नऊ.

काल सहा होती. रोज मोजतोय. मामांना सांगितलं, तर म्हणाले, उंचीवर डोक्याला हवा कमी पडते, लसूण खा. लसूण खाल्ला.

यातला एक जुन्या काळातला हाय. अंगावर लोकरीची घोंगडी, पायात गवताची पायताणं. बाकीची शहरातली. एक बारकं पोरगं पण हाय, सात-आठ वर्षांचं. त्याच्या पाठीला हात लावताना मी डोळे मिटले.

खेमसिंग म्हणाला, ती वर्षानुवर्षं या उतारावर फिरत होती, कुणाची नव्हती. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आता बोलावणारा भेटलाय.

३० सप्टेंबर

आज मोजलं न्हाई. नवी टोळी आलीय, बारा जणांची, हॉल भरलेला, गाणी चाललेली. म्हटलं माणसांच्या गर्दीत ती कशाला येतील. चारला दार लावलं, कडी घातली, पाठ टेकून बसलो. बाहेर कुणी दार वाजवलं न्हाई. नुसतं पाणी ठिबकल्यागत.

सहाला एक पोरगी कमी निघाली. चहाचा कप पलंगावर तसाच, वाफ निघत होती. मागच्या दारानं गेली होती. मी आन् मामा धावलो. घरामागच्या चढावर ती रांगेत उभी होती, सगळ्यात शेवटी, अनवाणी, पुढच्याच्या पाठीत तोंड खुपसून. मामांना ती एकटीच दिसली. मी बाकीचे पण बघितले. ओढून आत आणली. ओठ निळे. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, मला कुणीतरी सांगितलं की मोजायचं राहिलंय, एक कमी पडतोय.

मग मी बाहेर जाऊन मोजलं. मोजलं न्हाई तर ती दुसरं कुणीतरी घेऊन भरती करतात. आता कळलं.

एकोणीस.

१ ऑक्टोबर

मामा टोळी घेऊन खाली गेले. घाबरलेत, पण पोरीच्या बापाला काय सांगायचं याला घाबरलेत. सीझन इथंच संपवायचा म्हणाले. मी आन् खेमसिंगनं गाद्या-भांडी बांधायची. जाताना महिन्याचे पैसे दिले. आन् म्हणाले, दोघांच्यानं उरकणार न्हाई, खाली पोचलो की सुरजला फोन करतो, येतोय तो.

मी हात जोडले. म्हणालो, मामा, सुरज नको. दुसरा कुणी पण आणा.

मामा म्हणाले, अरे तूच बोलावलंस ना त्याला? मी धोंड्यावर गेलो की फोनवर रोज माझं डोकं खातोय, दादाकडं कवा नेता म्हणून.

२ ऑक्टोबर

दसरा. घरी आबांनी घोंगडीवर भंडारा टाकला असंल.

आज पण एकोणीस. काल पण एकोणीस. वाढायची थांबली. खेमसिंगला विचारलं, का थांबली. त्यानं चुलीपुढं बसून बोटं दुमडत नावं घेतली. जी त्याला म्हाईत ती, जी त्याच्या बापानं सांगितली ती. दोन्ही मिळून धरली. या डोंगरावर हरवून ज्यांची मढी घावली न्हाईत, अशी एकोणीसच हाईत. सगळी आली. आता मेलेलं कुणी उरलं न्हाई.

पण मी हबकलो तो वेगळ्यासाठी. आमच्यात मेंढरं विसाविसानं मोजतात. वीस म्हंजी एक खंडी. खंडी भरली की आबा खिशात एक खडा टाकायचे, आन् मग कळप हलायचा. खंडी भरल्याबिगर हलायचा न्हाई.

हाळी माझी. मोजणी माझी. रीत पण त्यांनी माझीच उचललीय. रांगेच्या शेवटी एका माणसाची जागा मोकळी सोडून उभी राहतात.

मी त्यात बसत न्हाई. मेंढका स्वतःला मोजत न्हाई. खेमसिंग घंटीचा माणूस, तो हाळीला येणारा न्हाई.

४ ऑक्टोबर

धोंड्यावर गेलो, सकाळीच, ऊन असताना. रेंज आली. सुरजचा मेसेज. दादा, झेलममध्ये बसलो, आबांना चुलत्याकडं सोडलं, तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेतलीय. खाली हसरं तोंड.

फोन लावला. बंद. सतरा वेळा लावला. येऊ नको असं लिहिलं. परत फिर असं लिहिलं. तुला माझी शपथ असं लिहिलं. एकच टिक. मग रेंज गेली.

सात तारखेला कोटधार. आठ तारखेला सकाळी आठला चढायला लागंल. पाच तासाची वाट, पण तो नवखा, त्याला आठ लागतील. म्हंजी चार वाजतील. म्हंजी धुकं—

६ ऑक्टोबर

खाली जायला निघालो. म्हटलं कोटधारलाच गाठतो, तिथूनच कान धरून परत नेतो. लख्ख ऊन होतं. तासभर उतरलो आन् मागं धोंडे घरंगळायला लागले. बारके बारके. कळप उतारावरून चालतो तवा घरंगळतात तसे.

मागं वळलो. धुकं न्हवतं तरी ती होती. एकोणीस. मी थांबलो, ती थांबली. मी चाललो, ती चालली.

मेंढका म्होरं, कळप मागं. मीच तर त्यांना सुरजकडं घेऊन चाललो होतो.

वर परत आलो. रडलो. लिहायला लाज वाटत न्हाई.

७ ऑक्टोबर

गारा. दिवसभर. वाट बंद. खेमसिंगला म्हणालो, तू तरी जा, पाया पडतो. म्हणाला, उजाडताच निघतो, घंटी घेऊन जातो. घंटीमागं ती येत न्हाईत. तो अर्ध्या वाटेत सुरजला गाठंल, उंबराच्या झाडाएवढा एक दगड हाय तिथं, दुपारच्या आत.

त्याला शिकवलं. सुरज हट्टी हाय, ऐकायचा न्हाई, म्हणंल दादाला बघितल्याबिगर परत जात न्हाई. त्याला मारून ने म्हटलं. बांधून ने.

चारला मोजलं. त्या बारक्या पोरानं मोकळ्या जागेकडं बघितलं. पहिल्यांदा मान वळवली कुणीतरी. तोंड बघितलं मी—

न्हाई लिहीत.

८ ऑक्टोबर, सकाळ

आज धुकं सकाळीच आलंय. दारात उभी हाईत. म्हंजी त्यांना कळलंय कोण येतंय.

खेमसिंग बूट बांधतोय. तेवढ्यात लिहितो. सुरज, ही वही तुझ्या हातात पडली तर तिथंच बसून वाच आन् उठून खाली जा. वर यायचं न्हाई. मला शोधायला आणखी कुणाला आणायचं न्हाई. आबांना सांग भैरू दुसरीकडं कामाला गेला, त्याच्या पायाला भिंगरी हाय. त्यांना पटंल.

मी यांना घेऊन वर चाललोय. खिंडीच्या पलीकडं. एक कमी असली तरी हाळी दिली की माझ्यामागं येतील, येतीलच. जितकी वर नेता येतील तितकी. तू खाली पोचेपर्यंत तरी.

पण हाळी द्यावी लागंल मला. आबांची. आन् ती तुला ऐकू येईल, दोन कोस जाते ती. लहानपणी ती ऐकली की तू जेवण टाकून पळत यायचास, मला म्हाईत हाय. आज यायचं न्हाई. कान झाक. ओरड, गाणं म्हण, घंटी वाजव. ती हाळी तुझ्यासाठी न्हाई. सुरज, ती तुझ्यासाठी न्हाई रे—

मी तुला पळपुटा म्हणालो नव्हतो, तू मला म्हणाला होतास. तरी पण भांडण मिटलं असं समज.

खेमसिंग दारात हाय. डोळे मिटून त्यांच्यातनं जाणार म्हणतो. ती सरकायला लागलीत. ही वही आन् पैसे त्याच्याजवळ देतोय, पैसे सगळे, मला वर काय लागणार. पाचशेच्या नोटा. तोंडानं मोजल्या न्हाईत, मनातच मोजल्या, तरी प्रत्येक नोटेला एकेकानं मान वर केली. एकोणिसाला थांबलो. खाली अजून एक नोट हाय, ती मी मोजली न्हाई, तू पण मोजू नको. घरी जाईपर्यंत कायच मोजू नको. पाठवतोय साडेनऊ हजार आन्—